तुटलेला दुवा लेखकाला का दिसत नाही

राजगडावर एक पान लिहून झालं आहे आणि तोरण्यावर दुसरं, असं समजू. दोन्ही साध्या टेक्स्ट फाइल, लेखकाच्या लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये. राजगडाच्या पानात एक वाक्य आहे, 'संजीवनी माचीवरून एक वाट तोरण्याकडे जाते', आणि त्यातल्या 'तोरण्याकडे' या शब्दाला तोरण्याच्या पानाचा दुवा दिला आहे. लेखक क्लिक करून पाहतो. तोरण्याचं पान उघडतं. मग सगळं सर्व्हरवर चढवलं जातं. नाशिकची एखादी वाचक आपल्या फोनवर तोच शब्द दाबते, तर 'पान सापडलं नाही' एवढंच तिच्या पदरी पडतं.

दोघांनी पाहिलेलं पान एकच आहे. फरक इतकाच, की लेखकाच्या लॅपटॉपवर सगळ्या फाइल हजर आहेत आणि सर्व्हरवर त्यातल्या काहीच पोचल्या आहेत, किंवा वेगळ्या नावाने पोचल्या आहेत. टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून वेबवर पानं प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाची या फरकाशी कधी ना कधी गाठ पडते. शुद्धलेखनाची चूक परत वाचताना नजरेस पडते, बिघडलेली मांडणी पान उघडल्याबरोबर खटकते. तुटलेला दुवा मात्र लिहिणाऱ्याच्या जागेवरून धडधाकट दिसतो. म्हणून दुव्यांची दुरुस्ती करायची, तर वाचकाच्या जागेवरून पाहण्याची सोय आधी आपल्या कामात करून घ्यावी लागते. ती कशी करायची, हे या प्रकरणात पाहू.

तुटण्याची मुभा

दुवे तुटतात, कारण वेबच्या रचनेतच त्यांना तुटण्याची मुभा आहे. अमेरिकेतले टेड नेल्सन १९६० पासून 'झॅनाडू' नावाच्या प्रकल्पाची कल्पना मांडत होते. त्यात दुवा दोन्ही टोकांना बांधलेला असणार होता. कोणी कोणाला जोडलं आहे, हे दोन्ही दस्तऐवजांना माहीत राहील, अशी ती योजना होती. १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी दुसरा रस्ता धरला. वेबवरचा दुवा एकेरी असतो. मी तुमच्या पानाचा दुवा दिला, तर त्यासाठी तुमची परवानगी लागत नाही आणि तुम्हाला त्याची खबरही जात नाही. दुव्यांची नोंद ठेवणारं कोणतंही मध्यवर्ती दप्तर नाही. म्हणूनच वेब इतक्या वेगाने पसरू शकला. पण त्याच कारणाने तुम्ही आपलं पान हलवलंत किंवा काढून टाकलंत, तर मला कोणी कळवत नाही.

अशा वेळी सर्व्हर जो आकडा पाठवतो, तो ४०४. चारने सुरू होणारे आकडे 'मागणीत काहीतरी चुकलं आहे' असं सांगतात. ४०४ चा अर्थ, या पत्त्यावर काही सापडलं नाही. त्याच्याच शेजारचा ४१० कमी ओळखीचा आहे. पान होतं, पण ते मुद्दाम आणि कायमचं काढलं आहे, असं तो सांगतो. तीनने सुरू होणारे आकडे मात्र वाट दाखवतात. त्यातला ३०१ म्हणजे 'पान कायमचं हललं, नवा पत्ता हा घ्या'. दुरुस्तीच्या कामात हे तीन आकडे पुन्हा पुन्हा लागतात.

टेक्स्ट फाइल ते वेबपान

उदाहरणासाठी ईमॅक्स हा एडिटर आणि त्यातला ऑर्ग-मोड घेऊ. ईमॅक्सचा पहिला अवतार १९७६ मध्ये एमआयटीत तयार झाला आणि रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५ मध्ये आला. त्यात ऑर्ग-मोडची भर २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी घातली. ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. टिपणं आणि कामांच्या याद्या नीट राहाव्यात म्हणून केलेली ही सोय पुढे अख्खं संकेतस्थळ सांभाळू लागली. ओळीच्या सुरुवातीला तारका दिली की मथळा होतो, दुहेरी चौकटी कंसात फाइलचं नाव आणि शब्द लिहिले की दुवा होतो.

प्रसिद्ध करायच्या वेळी ऑर्ग-मोडला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: फाइल कुठून घ्यायच्या, कुठे ठेवायच्या आणि त्यांचं काय करायचं. मग तो प्रत्येक ऑर्ग फाइलचं एचटीएमएल पान करतो. दुवे बदलण्याचं कामही तोच करतो. 'तोरणा' या ऑर्ग फाइलकडे जाणारा दुवा 'तोरणा' या एचटीएमएल पानाकडे वळवला जातो. हे रूपांतर होतं, तिथेच बहुतेक दुवे तुटतात. हुगो, जेकिल यांसारखी दुसरी साधनं वापरणाऱ्यांनाही असेच अनुभव येतात. फक्त आज्ञांची नावं वेगळी.

आपल्याच फोल्डरमधले दोष

पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे न पोचलेली चित्रं. ऑर्ग-मोडला 'ऑर्ग फाइलींची पानं कर' एवढंच सांगितलं, तर तो तेवढंच करतो. बालेकिल्ल्याचा फोटो, नकाशा, पीडीएफ या फाइल जशाच्या तशा नक्कल करण्यासाठी वेगळा विभाग लिहावा लागतो. तो राहिला की लेखकाच्या लॅपटॉपवर फोटो दिसतो आणि वाचकाला रिकामी चौकट.

दुसरा दोष पूर्ण पत्त्याचा. फाइल ओढून आणून दुवा केला, तर कधी कधी त्यात लेखकाच्या होम फोल्डरपासूनचा सगळा मार्ग लिहिला जातो. तो मार्ग जगात एकाच यंत्रावर आहे. त्यावरून दुवा लेखकाला चालतो आणि बाकी कोणालाच चालत नाही. आपल्या संकेतस्थळातले दुवे नेहमी सापेक्ष ठेवावेत, म्हणजे 'इथून शेजारी' किंवा 'एक फोल्डर वर जाऊन चित्रांमध्ये' अशा भाषेत. सुरुवातीला तिरकी रेघ देऊन 'संकेतस्थळाच्या मुळापासून' असं लिहिण्याची पद्धतही चालते. पण संकेतस्थळ एखाद्या मोठ्या पत्त्याखालच्या उपफोल्डरमध्ये असेल, तर ती रेघ वाचकाला भलत्याच मुळाशी घेऊन जाते.

तिसरा दोष रोमन नावांच्या लहान-मोठ्या अक्षरांचा. विंडोज आणि मॅक सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाहीत. लिनक्स सर्व्हर करतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं 'जेपीजी' हे शेपूट मोठ्या रोमन अक्षरांत असतं आणि दुव्यात आपण ते लहान अक्षरांत टाइप करतो. लॅपटॉप समजून घेतो, सर्व्हर घेत नाही.

चौथा दोष मथळ्यांचा. ऑर्ग-मोडमध्ये एखाद्या मथळ्याचा मजकूर देऊनच त्याच्याकडे दुवा करता येतो. 'कसे जावे' या मथळ्याकडे दुवा दिला आणि महिन्याभराने तो मथळा 'गुंजवण्याकडून आणि पालीकडून' असा बदलला, की दुवा तुटला. शिवाय एचटीएमएल करताना ऑर्ग-मोड मथळ्यांना आपणहून खुणेची नावं देतो, पण ती पुढच्या वेळी तीच राहतील याची हमी नाही. बाहेरच्या कोणी त्या खुणेचा दुवा जपून ठेवला असेल, तर पान उघडतं आणि वाचक भलतीकडेच, पानाच्या डोक्यावर उतरतो. यावर उपाय एकच. ज्या मथळ्याकडे कोणी येण्याची शक्यता आहे, त्याला 'कस्टम-आयडी' या गुणधर्मात स्वतः एक नाव द्यायचं. मथळ्याचे शब्द मग कितीही बदला, खूण जागेवर राहते.

ऱ्या : एक दिसणं, तीन लिखाणं

मराठीत फाइलींना नावं देणाऱ्यांनी एक दोष विशेष जवळून पाहायला हवा, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांत तो मिळणार नाही. 'किनाऱ्यावरचे किल्ले' या नावाची फाइल घ्या. त्यातला 'ऱ्या' पडद्यावर एकच दिसतो, पण युनिकोडमध्ये तो तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग 'य'. दोन, साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि 'य'. तीन, साधा 'र', हलन्त, त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, मग 'य'. डोळ्यांना तिन्ही सारखे. यंत्राला तिन्ही वेगवेगळे, कारण आत साठवलेले आकडे वेगळे.

पहिल्या दोहोंना युनिकोडच्या नियमांनुसार समान मानता येतं, आणि मॅकसारखी यंत्रणा फाइल शोधताना तसं मानतेही. लिनक्स सर्व्हर मात्र नावातले बाइट जसेच्या तसे जुळवून पाहतो. तिसरा प्रकार तर नियमांनीही पहिल्या दोहोंसारखा ठरत नाही. फाइलचं नाव एका कीबोर्डवर टाइप झालं आणि दुवा दुसऱ्या कीबोर्डवर, तर लेखक दोन्ही ओळी शेजारी ठेवून शंभरदा वाचेल आणि त्याला चूक सापडणार नाही. अशा वेळी ईमॅक्समध्ये कर्सर अक्षरावर नेऊन 'डिस्क्राइब-कॅरॅक्टर' ही आज्ञा द्यावी. तिथे नेमकं कोणतं चिन्ह आहे, हे ती क्रमांकासह सांगते. त्याहून सोपा नियम असा, की दुव्यातलं फाइलचं नाव हाताने टाइप करूच नये. एडिटरला यादीतून निवडू द्यावं.

देवनागरी पत्त्यांची दुसरी अडचण लांबीची. पत्ता पाठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. 'राजगड' या नावात काना धरून पाच चिन्हं आहेत. पत्त्यात त्याची पंचेचाळीस अक्षरं होतात. ईमेलमध्ये असा पत्ता मध्येच दुमडला, की अर्धाच उचलला जातो आणि दुवा तुटतो. देवनागरी पत्ते ठेवूच नयेत, असं मुळीच नाही. मराठी विकिपीडिया त्यांच्यावरच उभा आहे. पण पत्ता आखूड ठेवावा, आणि मथळा पूर्ण मराठीत असला तरी फाइलचं नाव रोमन लहान अक्षरांत ठेवायचं की देवनागरीत, हे एकदा ठरवून पुढे कायम पाळावं.

यंत्राला थांबू द्या

आता शोधायचं कसं? चाळण्या तीन आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली चाळणी एडिटरमध्येच आहे. ऑर्ग फाइल उघडून 'ऑर्ग-लिंट' ही आज्ञा दिली, की ती फाइल तपासून दोषांची यादी समोर ठेवते: अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे जाणारा दुवा, न सापडणारा मथळा, दोनदा वापरलेला कस्टम-आयडी. यादीतल्या ओळीवर एंटर दाबलं की कर्सर थेट दोषाच्या जागी जातो.

दुसरी चाळणी प्रसिद्ध करताना लागते. मथळा किंवा आयडी सापडला नाही, तर ऑर्ग-मोड काम तिथेच सोडतो आणि दुव्याचा उलगडा होत नाही असा संदेश देतो. घाईच्या वेळी ही अडवणूक जाचक वाटते. तेव्हा अनेक जण 'ऑर्ग-एक्स्पोर्ट-विथ-ब्रोकन-लिंक्स' हा पर्याय चालू करतात आणि काम पुढे ढकलतात. त्याचा परिणाम नीट पाहायला हवा. दुवा तुटलेला असेल, तर ऑर्ग-मोड तो गाळतो, आणि दुव्याबरोबर त्यावरचा शब्दही जातो. 'संजीवनी माचीवरून एक वाट तोरण्याकडे जाते' या वाक्यातल्या 'तोरण्याकडे' या शब्दाचा दुवा फाइलच्या नावाऐवजी आयडीने दिला असेल आणि तो तुटला असेल, तर वाचकाच्या हाती 'संजीवनी माचीवरून एक वाट जाते' एवढंच येतं. वाट कुठे जाते, हेच नाहीसं होतं, आणि काही गळलं आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. याच पर्यायाला 'मार्क' अशी किंमत दिली, तर तुटलेल्या दुव्याच्या जागी कंसात ठळक खूण उमटते. मसुदा तपासताना ती उपयोगी पडते. शेवटचं प्रसिद्ध करताना मात्र मूळची अडवणूकच ठेवावी. चुकीचं पान बाहेर जाऊ न देणारं साधन लेखकाच्या बाजूचं असतं.

तिसरी चाळणी तयार पानांची. पहिल्या दोन्ही ऑर्ग फाइली पाहतात. न पोचलेला फोटो किंवा मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ त्यांच्यातून निसटू शकतो. तयार पानं डबल-क्लिक करून उघडणंही पुरेसं नाही, कारण तेव्हा ब्राउझर लॅपटॉपच्या फोल्डरमधून वाचतो. पायथनबरोबर एक छोटा वेब सर्व्हर येतो. प्रसिद्धीच्या फोल्डरमध्ये तो एका आज्ञेने सुरू होतो. मग 'लिंकचेकर'सारखा प्रोग्रॅम पहिल्या पानापासून सोडावा. तो प्रत्येक दुव्यावर जाऊन येतो आणि तुटलेले दुवे कोणत्या पानावर आहेत, ते सांगतो. पानं सर्व्हरवर चढवल्यावर हीच तपासणी खऱ्या पत्त्यावर पुन्हा करावी. वाचकाच्या जागेवरून पाहणं ते हेच.

इथे एक सापळा आहे. ऑर्ग-मोड फक्त बदललेल्या फाइलींची पानं नव्याने करतो आणि मूळ फाइल काढून टाकली तरी तिचं जुनं एचटीएमएल पान प्रसिद्धीच्या फोल्डरमध्ये तसंच राहतं. त्यामुळे तपासणीत दुवा चालू दिसतो, पण तो मूळ नसलेल्या पानाकडे जात असतो. म्हणून अधूनमधून प्रसिद्धीचा फोल्डर रिकामा करावा आणि सगळी पानं पहिल्यापासून करून मगच तपासावं.

पत्ता बदलताना

आपल्या पानांकडे येणारे दुवे इतरांच्या हातात असतात. ते आपल्याला दुरुस्त करता येत नाहीत. तुटू न देणं एवढंच करता येतं. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये याच विषयावर एक टिपण लिहिलं. पत्त्यात बदलू शकणारी कोणतीही गोष्ट घालू नये, असं त्यांचं सांगणं होतं: लेखकाचं नाव, विषयाचं वर्गीकरण, 'मसुदा' किंवा 'ताजं' असे शेरे, पान बनवणाऱ्या साधनाची खूण. पान तयार झाल्याची तारीख मात्र बदलत नाही, म्हणून ती चालते.

तरीही नाव बदलावं लागलं, तर दोन कामं एकाच बैठकीत करावीत. आधी सगळ्या फाइलींमध्ये जुनं नाव शोधून बदलावं. ईमॅक्सच्या फाइल-यादीत नाव बदललं, तरी इतर फाइलींमधले दुवे आपोआप बदलत नाहीत. मग घर बदलताना पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवतात, तसा जुन्या पत्त्यावर ३०१ ठेवावा. अपाची सर्व्हरवर त्यासाठी एक ओळ पुरते. सर्व्हरच्या मांडणीला हात लावता येत नसेल, तर जुन्या नावाचं छोटं पान ठेवून त्यातून नव्या पानाकडे वळवावं. फाइल चढवताना 'आरसिंक'चा 'डिलीट' पर्याय वापरत असाल, तर तो लॅपटॉपवर नसलेलं प्रत्येक पान सर्व्हरवरूनही पुसतो, हे लक्षात ठेवावं. वळणाची पानं म्हणूनच मूळ फाइलींबरोबर जपायला हवीत.

सर्व्हरची नोंदवहीही वाचावी. कोणत्या पत्त्याला ४०४ मिळाला आणि वाचक कुठून आला होता, हे त्यात सहसा असतं. एकच जुना पत्ता पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर कोणीतरी तो जपून ठेवला आहे. त्यासाठी वळण लिहायला मिनिटभरही लागत नाही.

दुसऱ्यांची पानं

बाहेरच्या पानांकडे जाणारे दुवे कालांतराने तुटणारच, असं धरून चालावं. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. हार्वर्डमधल्या झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांच्या अभ्यासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नसल्याचं आढळलं. न्यायालयाने ज्याच्या आधारे काही म्हटलं, तो आधारच वाचकाला पाहता येत नव्हता.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये ते सुरू केलं आणि त्याचं वेबॅक मशीन २००१ पासून सर्वांना खुलं आहे. एखाद्या महत्त्वाच्या पानाचा दुवा देतानाच ते पान तिथे साठवून घ्यावं आणि साठवलेल्या प्रतीचा पत्ता आपल्या ऑर्ग फाइलमध्ये शेजारी लिहून ठेवावा. मूळ पान गेलं, की तो पत्ता पुढे करता येतो. याशिवाय दुव्यावरचे शब्दही पुरेसे बोलके हवेत. 'इथे पाहा' एवढंच लिहिलेला दुवा मेला, की मागे काही उरत नाही. लेखाचं नाव, लेखक आणि वर्ष लिहिलं असेल, तर वाचक तो मजकूर दुसरीकडे शोधू शकतो.

बाहेरचे दुवे तपासताना यंत्राच्या शब्दावर पूर्ण विसंबू नये. काही सर्व्हर तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमना अडवतात आणि चालू पानही तुटलेलं दिसतं. उलट, काही ठिकाणी 'पान सापडलं नाही' असं लिहिलेलं पानच '२००, सगळं ठीक' या आकड्यासह येतं. यादी यंत्राने काढावी, निर्णय माणसाने घ्यावा.

खुद्द 'सर्न'लाही आपला दुवा दुरुस्त करावा लागला. वेबचं पहिलं पान ज्या पत्त्यावर होतं, तिथे ते मधल्या काळात मिळेनासं झालं होतं. वेबचं तंत्र सर्वांना मुक्त केल्याला २०१३ मध्ये वीस वर्षं झाली, त्या निमित्ताने 'सर्न'ने ते त्याच जुन्या पत्त्यावर पुन्हा आणलं. तुटलेला दुवा कित्येक वर्षांनीही जोडता येतो, पण त्यासाठी पत्ता आपल्या हाती राहायला हवा आणि मूळ फाइलची एखादी प्रत कुठेतरी जपलेली हवी.

टेक्स्ट एडिटरमधून प्रसिद्ध करणाऱ्यांकडे या दोन्ही गोष्टी असतात. फाइली त्यांच्याच फोल्डरमध्ये असतात, नावं त्यांनीच दिलेली असतात, आणि तपासणीची साधनं फुकट मिळतात. मराठीत एखाद्या गावावर, बोलीवर किंवा किल्ल्यावर लिहिलेलं पान पुष्कळदा त्या विषयावरचं एकमेव पान असतं. त्याच्यापर्यंतची वाट मोडली, तर वाचकाला पर्यायी पान मिळत नाही. बाहेरच्या दुव्यांची वर्षातून एकदा झडती घेतली तरी पुरे. आपल्याच पानांमधले तुटलेले दुवे मात्र प्रत्येक वेळी प्रसिद्ध करण्याआधी शून्यावर आणावेत. ते शून्य गाठणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.